रन-फ्लॅटवाल्या गाडीला स्टेपनी बसत नाही? टायर शेवटी, आधी रिम बघा

सेकंड-हँड बीएमडब्ल्यू घेणाऱ्यांचा एक फोन ठरलेला असतो. गाडी घेतली, पूजा झाली, पेढे वाटून झाले. मग कोकणात किंवा विदर्भात जायचं ठरतं आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी डिकीचा तळ उचलतं. खाली फोमचा ट्रे आणि एका बाजूला बॅटरी. स्टेपनी नाही, जॅक नाही, पाना नाही, कारण गाडी रन-फ्लॅटवर, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणाऱ्या टायरवर आलेली असते. लगेच विचारणा येते, "सतराची स्टेपनी आहे का?"

या कामात सतरा, म्हणजे रिमचे इंच, हा आकडा सगळ्यात कमी उपयोगाचा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांनी आधी टायर शोधलेला असतो, तोही घाईत, आणि तो ज्या रिमवर बसलाय ती रिम गाडीला चालतच नाही. पुढे लिहिलंय ते थ्री सीरीजच्या तीन पिढ्या धरून: ई९०, एफ३० आणि जी२०. मिनी किंवा रन-फ्लॅटवर आलेली दुसरी कुठलीही गाडी असली तरी तपासण्यांचा क्रम हाच राहतो, आकडे मात्र त्या गाडीचे घ्यायचे.

लक्षणं

- डिकीत स्टेपनी नाही, किंवा स्टेपनी आहे पण ती उचलायला जॅक नाही.
- विकत घेतलेली स्टेपनी हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बसतं त्यावर, पूर्ण टेकत नाही. बोल्ट आवळले तरी चाळीस-पन्नासच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं.
- बोल्ट दोन-तीन आट्यांनंतर अडकतात. किंवा उलट, नको इतके सैल आत जातात.
- चाक हाताने फिरवलं की आतून घासल्याचा आवाज येतो.
- स्टेपनी लावून थोडं अंतर गेल्यावर टायरचा, डीएससीचा (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) किंवा एबीएसचा (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) दिवा लागतो.
- सगळं सामान आहे, पण जुनं चाकच निघत नाही.

आधी गाडीवरचे चारही टायर वाचा

याला पैसे लागत नाहीत, पाच मिनिटं लागतात, आणि निम्मे गोंधळ इथेच सुटतात. रन-फ्लॅटच्या बाजूच्या भिंतीवर खूण असते. बीएमडब्ल्यूसाठी बनलेल्या टायरवर वर्तुळात आरएससी असतं. शिवाय ब्रिजस्टोनवर आरएफटी, मिशलिनवर झेडपी, गुडइयरवर आरओएफ, कॉन्टिनेंटलवर एसएसआर अशी इंग्रजी अक्षरं सापडतात. चारही टायरवर बघा. एका टायरवरून निष्कर्ष काढू नका.

कारण साधं आहे. रन-फ्लॅट महाग असतो, खडबडीत रस्त्यावर आदळतो, म्हणून पहिल्या किंवा दुसऱ्या मालकाने साधे टायर टाकलेले असतात. नव्या मालकाला वाटतं, आपल्याकडे रन-फ्लॅट आहेत, पंक्चर झालं तरी घरी पोचू. प्रत्यक्षात हवा गेली की गाडी रिमवर येते. म्हणजे रन-फ्लॅटही नाही आणि स्टेपनीही नाही, अशी ही गाडी. कधी पुढचे दोन रन-फ्लॅट आणि मागचे साधे असतात. एकाच अ‍ॅक्सलवर म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, एक रन-फ्लॅट आणि एक साधा सापडला, तर स्टेपनीचा विषय बाजूला ठेवा आणि ती जोडी आधी नीट करा. ब्रेक मारताना आणि वळणावर दोन्ही बाजू वेगळ्या वागतात.

चारही खरोखर रन-फ्लॅट असतील तर हवा पूर्ण गेल्यावर साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत, एवढी मुभा मिळते. पाच माणसं आणि भरलेली डिकी असेल तर अंतर आणखी कमी धरा. मुंबई-पुण्यात हे भरपूर आहे. कणकवलीत टायर गेला तर कोल्हापूर आणि पणजी दोन्ही त्याच्या पलीकडे. मधल्या गावात पंक्चरवाला नक्की मिळेल, पण तुमच्या मापाचा रन-फ्लॅट दुकानात ठेवून बसलेला माणूस मिळेलच असं नाही. समृद्धीवर तर ८० किलोमीटरने तुम्ही फार तर पुढच्या इंटरचेंजच्या गावात पोचाल, टायरपर्यंत नव्हे. स्टेपनी हवी ती यासाठी. फक्त शहरात गाडी चालवत असाल तर माझं मत विचाराल तर स्टेपनी घेऊच नका, चांगला कॉम्प्रेसर ठेवा.

"स्टेपनी नसली तर पोलीस पकडतील का?" हेही विचारतात. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, टायरची हवा दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल, तर स्टेपनी सक्तीची नाही.

डिकी खरंच रिकामी आहे का

काही गाड्यांना इथे कंपनीनेच बारीक, म्हणजे अरुंद आणि तात्पुरती, स्टेपनी दिलेली होती. ती डिकीची जागा खाते म्हणून पहिला मालक काढून घरी ठेवतो आणि गाडी विकताना विसरतो. त्यामुळे आधी जुन्या मालकाला किंवा डीलरला फोन करा. गाडीच्या मूळ मापाची स्टेपनी कुणाच्या तरी माळ्यावर धूळ खात पडलेली असण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त आहे, आणि ती मिळाली तर पुढची निम्मी पोस्ट वाचायची गरज नाही.

त्याच वेळी लॉक बोल्टची चावी शोधा. प्रत्येक चाकाला पाचपैकी एक बोल्ट वेगळ्या डोक्याचा असतो, तो खास तुकड्याशिवाय उघडत नाही. हा तुकडा टूलकिटमध्ये, ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा डिकीच्या बाजूच्या कप्प्यात असतो, आणि बऱ्याचदा मागच्या टायरवाल्याच्या पान्यावरच अडकून राहिलेला असतो. तो नसेल तर सोन्याची स्टेपनी आणली तरी उपयोग नाही. चावी सापडली नाही तर चारही लॉक बोल्ट काढून घ्या आणि त्या जागी साधे बोल्ट टाका. हे काम चांगल्या टायरच्या दुकानात शांतपणे होतं. रात्री घाटात होत नाही.

घरासमोर एक चाक काढून परत लावा

ही तपासणी लोक टाळतात. टाळू नका.

पहिली अडचण जॅकची. बीएमडब्ल्यूला खालून चार ठिकाणी चौकोनी रबरी किंवा प्लास्टिकचे ठोकळे असतात, वजन तिथेच घ्यायचं. मारुतीचा वरच्या खाचेचा जॅक तिथे लावला की तो घसरतो किंवा ठोकळा फोडतो. जॅकच्या डोक्यावर बसणारा पॅड घ्या, किंवा याच गाडीचा जॅक शोधा. जॅक पूर्ण मिटवल्यावर किती उंच राहतो तेही मोजा. साध्या टायरची हवा गेली की गाडी इतकी खाली येते की जॅक आत जातच नाही. रन-फ्लॅटची भिंत जाड असल्याने ही अडचण कमी येते.

दुसरी अडचण बोल्टची. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना हबमधून बाहेर आलेले स्टड असतात, त्यावर चाक टांगायचं आणि नट लावायचे. इथे स्टड नाहीत. चाक एका हाताने किंवा पायाने उचलून धरायचं आणि भोकं जुळवून बोल्ट घालायचा. पावसात हे एकट्याने करायला गेलात की बोल्ट तिरका बसतो आणि आटे मारले जातात. त्यावर उपाय म्हणजे हबमध्ये हाताने फिरवून बसवायची लांब पिन. चाक तिच्यावर टांगता येतं. पिन घेताना आट्यांचं माप (बोल्टची जाडी गुणिले दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) बघा: ई९० ला १२ गुणिले १.५, एफ३० आणि जी२० ला १४ गुणिले १.२५.

तिसरी अडचण गंजाची. पावसाळा, कोकणची खारी हवा, आणि वर्षानुवर्षं न काढलेलं चाक. अलॉयच्या मधलं भोक हबच्या कड्यावर गंजाने धरतं. पाचही बोल्ट काढले तरी चाक हलत नाही. मग लोक गाडी जॅकवर असताना लाथा घालतात. तसं करू नका, गाडी पडते. घरी असाल तर बोल्ट परत हाताने लावा, मग एक-दोन फेरे सैल करा, गाडी खाली घ्या आणि जागेवरच हळूच पुढे-मागे करा. वजनाने चाक सुटतं. सुटल्यावर हबचं कडं तारेच्या ब्रशने घासा आणि त्यावरच अँटी-सीझचा, म्हणजे भाग गंजाने धरू न देणाऱ्या वंगणाचा, हलकासा हात फिरवा. बोल्टच्या आट्यांना काही लावू नका, ते कोरडेच आवळायचे असतात. तेल लागलं की त्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.

परत लावताना पाचही बोल्ट हाताने शेवटपर्यंत गेले पाहिजेत. मग एक सोडून एक असे आवळा. टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरात आवळायचा पाना, असेल तर १२ च्या बोल्टला १२० न्यूटन मीटर, १४ च्या बोल्टला १४०. पान्यावर उभं राहून उड्या मारायची पद्धत ट्रकवाल्यांसाठी सोडा.

आता रिम: इथे पैसे वाया जातात

पाच बोल्ट म्हणजे पाच बोल्ट, असं समजून आणलेल्या स्टेपन्यांनी माझ्याकडचा एक कोपरा भरलाय. रिम जुळायला चार गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात.

*बोल्टचं वर्तुळ.* ई९० आणि एफ३० ला १२० मिलिमीटर. जी२० ला ११२. म्हणजे थ्री सीरीजची स्टेपनी थ्री सीरीजला लागेल हे गृहीत धरू नका, पिढी बदलली की वर्तुळ बदललं. पाच भोकांचं वर्तुळ टेपने थेट मोजता येत नाही, कारण समोरासमोर भोकं नसतात. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. साधारण ७०.५ मिलिमीटर आलं तर वर्तुळ १२० चं, ६५.८ आलं तर ११२ चं, आणि ६७.२ आलं तर ११४.३ चं. हे शेवटचं इनोव्हा, क्रेटा यांचं. ११२ आणि ११४.३ मध्ये शेजारच्या भोकांत फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा, म्हणून दुकानदार "बसतंय की" म्हणत दोन बोल्ट आवळून दाखवतो. पाचवा बोल्ट तिरका जातो, आणि तिरका गेलेला बोल्ट चालत्या गाडीत सुटतो.

*मधलं भोक.* बीएमडब्ल्यूचं चाक हबच्या कड्यावर बसतं, त्याने ते मध्यावर राहतं. ई९० आणि एफ३० चं कडं ७२.६ मिलिमीटर, जी२० चं साधारण ६६.५. ऑक्टाव्हिया, सुपर्ब किंवा जेट्टाच्या रिमचं भोक ५७.१, त्यामुळे वर्तुळ ११२ असूनही ती जी२० वर चढतच नाही. भोक लहान असेल तर निदान लगेच कळतं. मोठं असेल तर चाक बसतं, पण फक्त बोल्टच्या आधारावर, किंचित मध्य सोडून. लक्षणांत लिहिलेली स्टिअरिंगची थरथर बहुतेक वेळा इथूनच येते, आणि लोक बॅलन्सिंगवर पैसे घालवत बसतात.

*बोल्टची बैठक.* मर्सिडीज आणि नव्या ऑडीच्या रिमचं वर्तुळ ११२, मधलं भोकही जी२० ला जुळणारं. त्यामुळे ही जोडी सर्रास खपवली जाते. पण त्यांच्या रिममधली बोल्टची बैठक वाटीसारखी गोल आणि बीएमडब्ल्यूचा बोल्ट निमुळता. निमुळता बोल्ट गोल बैठकीत फक्त एका बारीक कडेवर टेकतो. आवळताना घट्ट वाटतो, गाडी चालली की सैल होतो. मर्सिडीजचे बोल्ट वापरावेत म्हटलं तर त्यांचे आटे १.५ चे आणि तुमच्या हबचे १.२५ चे. खास बोल्ट मिळतात, पण ते पाच बोल्ट स्टेपनीबरोबर कायम ठेवावे लागतात आणि अंधारात नेमके तेच वापरावे लागतात. मी तरी या वाटेला जात नाही.

*बोल्टची लांबी.* गाडीला बाहेरचे अलॉय किंवा स्पेसर लावले असतील तर बोल्ट लांब असतात. बारीक स्टेपनीची चकती पातळ असते. तोच बोल्ट तिच्यातून आत जास्त घुसतो, आणि मागच्या चाकात हँडब्रेकच्या भागांना टेकू शकतो. ई९० आणि एफ३० ला ते मागच्या डिस्कच्या आतच असतात. उलट बोल्ट आखूड असेल तर पकड पुरत नाही. मोजायची सोपी रीत अशी: बोल्ट बैठकीला टेकेपर्यंत किती पूर्ण फेरे फिरतो ते मोजा. १२ गुणिले १.५ ला निदान सात, १४ गुणिले १.२५ ला निदान नऊ.

ई९० चा बोल्ट एफ३० च्या हबमध्ये घालू नका. १२ चा बोल्ट १४ च्या भोकात सैल जातो, आणि सैल जातो म्हणून लोक खूश होतात.

चाकाची उंची

रिमचा आकडा नव्हे, पूर्ण चाकाची उंची जुळली पाहिजे. गणित शाळेतलं आहे: रिमचे इंच गुणिले २५.४, त्यात भिंतीची उंची दोनदा. टायरवर २२५/५० लिहिलं असेल तर २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी, आणि भिंतीची उंची तिच्या ५० टक्के.

एफ३० ला १७ च्या रिमवर २२५/५० आर १७ येतो. उंची साधारण ६५७ मिलिमीटर. बाजारात सहज दिसणारी १२५/८० आर १७ ची बारीक स्टेपनी ६३२ ची आहे. फरक २५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास चार टक्के. रिम दोन्हीकडे सतराचीच, तरी जमत नाही. १३५/८० आर १७ घेतली तर ती ६४८ ची, फरक दीड टक्क्याच्या आत. ती चालते.

आता ई९० बघा. तिला २०५/५५ आर १६ असेल तर उंची ६३२. इथे सतराची १२५/८० अगदी बरोबर बसते, रिमचा आकडा वेगळा असूनही. २२५/४५ आर १७ वाल्या ई९० लाही तीच चालते, कारण तो टायर ६३४ चा.

उंचीचा एवढा आग्रह का? एकाच अ‍ॅक्सलवरची दोन चाकं वेगवेगळ्या उंचीची असली की लहान चाक जास्त फेरे घेतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ते सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळे फेरे घेऊ देणाऱ्या गिअरला) सतत काम करायला लावतं. एबीएसच्या सेन्सरला वाटतं एक चाक घसरतंय, आणि डीएससीचा दिवा लागतो. म्हणून उंचीत फरक असेल तर बारीक स्टेपनी पुढे लावायची. मागचा टायर गेला असेल तर पुढचं चांगलं चाक मागे न्यायचं आणि स्टेपनी पुढे. दोनदा जॅक लावावा लागतो, लोक कुरकुरतात, तरी तसंच करायचं.

एम३४०आय किंवा एक्सड्राइव्ह (इंजिनचा जोर चारही चाकांना देणारी यंत्रणा) असलेली कुठलीही गाडी असेल तर हे पुढे-मागेही करता येत नाही, कारण चारही चाकं एकमेकांना जोडलेली. तिला पूर्ण मापाचं चाक किंवा कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेली स्टेपनी, एवढंच.

लावून बघा, फिरवून बघा

सगळे आकडे जुळले तरी शेवटचा निकाल गाडीच देते. स्टेपनी पुढच्या दोन्ही आणि मागच्या दोन्ही चाकांच्या जागी लावा आणि गाडी जॅकवर असतानाच हाताने पूर्ण फेरा फिरवा. पुढच्या चाकाला स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून परत फिरवा. कुठेही घासायला नको. मोठ्या ब्रेकवाल्या गाड्यांत सोळाची रिम ब्रेकच्या कॅलिपरला अडते. हे घरासमोर कळलं तर स्टेपनी परत करता येते. ऑफसेट चुकीचा असेल, म्हणजे रिम जास्त आत किंवा जास्त बाहेर बसत असेल, तर तेही इथेच दिसतं. रिमच्या आतल्या बाजूला ईटी आणि एक आकडा कोरलेला असतो. मूळ चाकावरचा आकडा लिहून ठेवा.

टायर, शेवटी

आता टायर बघा. भिंतीवर डीओटीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. न वापरलेल्या स्टेपनीची नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर मात्र वाळलेलं असतं. सहा वर्षांपुढची असेल तर भिंतीवरच्या बारीक भेगा बघूनच घ्यायची, दहा वर्षांपुढची घ्यायचीच नाही.

मापाच्या आधी इंग्रजी टी अक्षर असेल तर ती तात्पुरती स्टेपनी. तिच्यात हवा ४.२ बार, म्हणजे ६० पीएसआय. पेट्रोल पंपावरचा मुलगा सवयीने ३२ भरतो. तेवढ्या हवेवर ती चपटी होते आणि तापते. वेग ८० च्या वर नाही. भार किती पेलतो तेही वाचा: ९४ म्हणजे एका टायरला ६७० किलो, ९९ म्हणजे ७७५. मूळ टायरपेक्षा कमी आकडा नको.

कुठून आणि कोणती

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत मायापुरी. अपघाती गाड्यांची चाकं या बाजारांतून फिरतात. बिल घ्या, बिलावर रिमचा क्रमांक लिहून घ्या. चोरीची चाकं या धंद्यात असतात आणि पैसे दिले म्हणून ती तुमची होत नाहीत. रिम आतल्या बाजूने धुऊन बघा. आतल्या गोलाईवर वेल्डिंगची रेघ दिसली तर तिथेच ठेवा. मग बॅलन्सिंग मशीनवर टायरशिवाय फिरवून घ्या, वाकलेली रिम उघड दिसते.

बारीक की पूर्ण? लांब पल्ल्याला मी पूर्ण मापाचं चाक सांगतो: त्याच मापाची जुनी मूळ अलॉय आणि तिच्यावर तुमच्या गाडीत आहे तसाच टायर. वेगाची अट नाही, दिवे लागत नाहीत, पुढे-मागे करायची भानगड नाही. अडचण एकच, ती डिकीत मोकळी पडते. वीस किलोच्या आसपासचं मोकळं चाक जोरात ब्रेक लागला की मागच्या सीटवर येतं, म्हणून डिकीतल्या कड्यांना पट्ट्याने बांधायचंच. बारीक घेणाऱ्यांनी एक विचार करावा: ती लावल्यावर निघालेलं चिखलाचं रुंद चाक कुठे ठेवणार? पाच माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन परत येताना हा प्रश्न पडतो. मोठी प्लास्टिकची पिशवी बरोबर असू द्या.

दिवा जात नसेल

ई९० आणि एफ३० पैकी बऱ्याच गाड्यांत टायरमध्ये सेन्सर नसतो. एबीएसचे सेन्सर चाकांचे फेरे मोजतात आणि एखादं चाक जास्त फिरायला लागलं की गाडी हवा गेली असं मानते. वेगळ्या उंचीच्या स्टेपनीने हा दिवा लागणारच. त्याला बिघाड समजू नका. मूळ चाक परत लावलं, चारही चाकांत थंड असताना हवा भरली, की मेनूमध्ये जाऊन रीसेट करायचं आणि थोडं अंतर चालवायचं. हवा न भरता रीसेट केलं तर गाडी चुकीची हवाच बरोबर धरून बसते. सेन्सरवाल्या गाडीत स्टेपनीला सेन्सर नसतो, म्हणून मूळ चाक परत लावेपर्यंत दिवा राहतो.

इथे थांबा

एक्स्प्रेसवेच्या कडेला, विशेषतः रहदारीच्या बाजूचं चाक, स्वतः बदलू नका. रन-फ्लॅट असेल तर हळूहळू पुढच्या बाहेरच्या रस्त्यापर्यंत जा. साधा असेल तर सगळे गाडीतून उतरून कठड्यापलीकडे उभे राहा आणि मदत बोलवा: राष्ट्रीय महामार्गावर १०३३, धोका वाटला तर कुठेही ११२.

बोल्ट हाताने तीन-चार फेरेही जात नसेल तर पाना लावू नका. आटे मारले गेले की हब बदलायची वेळ येते. लॉक बोल्टचं डोकं घासून गोल झालं असेल तर छिन्नी-हातोडा बाजूला ठेवा, ते काढायची वेगळी हत्यारं असतात.

हवा नसताना चाललेला रन-फ्लॅट बाहेरून पट्टी खुपसून पुन्हा वापरात घेऊ नका. तो रिमवरून उतरवून आतून बघावा लागतो. आत रबराचा भुगा किंवा भिंतीला सुरकुती दिसली तर टायर संपला. नक्षीतलं लहान भोक असेल आणि आतून टायर साफ असेल, तर मशरूम पॅच (आतून बसवायचा छत्रीच्या आकाराचा पॅच) बसवायचा की नाही ते टायर कंपनीच्या सूचनेवर ठरतं. भिंतीतल्या भोकाला दुरुस्ती नाही. रन-फ्लॅटची कड कडक असते, ती उतरवायला जादा हात असलेलं मशीन लागतं. दुकानात ते नसेल तर सब्बल घालू देऊ नका, रिमची कड आणि सेन्सर दोन्ही जातात.

मूळ चारही चाकं परत बसवून, हवा भरून, रीसेट करूनही एबीएस किंवा डीएससीचा दिवा राहिला, तर तो स्टेपनीचा विषय राहिला नाही. चाकाचा सेन्सर किंवा त्याची वायर स्कॅनरवर बघावी लागेल. एक्सड्राइव्हवाली गाडी वेगळ्या उंचीच्या चाकावर चालली असेल आणि आता हळू वळताना झटके देत असेल, तर ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या भागाचं) काम जाणणाऱ्याकडे न्या, आणि तोवर चालवू नका.

फोन करण्याआधी चार गोष्टींचे फोटो काढून ठेवा: टायरच्या भिंतीवरचं माप, चारपैकी प्रत्येक टायरवरची रन-फ्लॅटची खूण, रिमच्या आतला ईटीचा आकडा, आणि हातात धरलेला एक बोल्ट, त्याच्या शेजारी मोजपट्टी. गाडी कुठल्या पिढीची, ई९०, एफ३० की जी२०, हे फोटोंबरोबर लिहा.